राहुलाचा आरसा

इयत्ता सहावीच्या वर्गांत बुद्धचरित्राचा पाठ चालला असतां एकाच आठवड्यांत दोन पालकांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारिले. पहिले गृहस्थ आमच्याच मंडळींतील. त्यांचें म्हणणें असें कीं, ख्रिस्ती शाळेंतील ख्रिस्ती शिक्षकानें बुद्धाविषयीं इतक्या ओढीनें कां बोलावें? मुलगा घरीं येऊन राहुल, आनंद, सारिपुत्त हींच नांवें घेत बसतो. दुसऱ्या बाई स्वतः बौद्ध आहेत. १९५६ सालीं नागपुरास त्यांच्या आजोबांनीं दीक्षा घेतली होती. त्यांची शंका अगदीं उलट दिशेची होती. आमच्या मुलीला तुम्ही जो बुद्ध शिकवितां, तो तुमच्या धर्माच्या चष्म्यांतून पाहिलेला तर नव्हे ना, असें त्यांनीं विचारिलें. दोन्ही प्रश्न सरळ मनानें विचारलेले होते. फाटकाशीं उभ्याउभ्या जें उत्तर आम्हीं दिलें, त्यानें आमचें स्वतःचेंच समाधान झालें नाहीं. म्हणून ह्या अंकांत थोडी जागा मागून घेतली आहे.

पहिल्या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही एक जुनी हकीकत सांगूं. मध्ययुगीन युरोपांत 'बार्लाम आणि जोसाफात' ही कथा फार लोकप्रिय होती. हिंदुस्थानांतील एका राजास पुत्र होतो. हा मुलगा पुढें ख्रिस्ती होईल असें भविष्य एक ज्योतिषी वर्तवितो. राजा त्यास सुंदर वाड्यांत कोंडून ठेवितो व दुःखाचें नांवही त्याच्या कानीं पडूं नये अशी व्यवस्था करितो. तरी राजपुत्र एके दिवशीं बाहेर पडतोच. त्याला रोगी दिसतो, आंधळा दिसतो, जराजर्जर म्हातारा दिसतो. मग बार्लाम नांवाचा एक संन्यासी त्यास भेटतो, आणि शेवटीं राजपुत्र राज्य सोडून निघून जातो. ही कथा मूळची कोणाची, हें आमच्या सहावींतील कोणतेंही मूल सांगेल. युरोपांत मात्र तें कित्येक शतकें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबींत जाऊन 'बूदासफ' झाला. अरबी लिपींत ब आणि य ह्यांमध्यें फरक काय तो टिंबांचा, त्यामुळें लेखकांच्या हातून त्याचा 'यूदासफ' झाला. तेथून जॉर्जियन, मग ग्रीक, मग लॅटिन, असा प्रवास करीत तो 'जोसाफात' नांवाचा ख्रिस्ती संत होऊन बसला. रोमन संतसूचींत २७ नोव्हेंबर हा दिवस त्याच्या नांवें नोंदला गेला. (आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी संतांचे दिवस पाळीत नाहीं, ही गोष्ट निराळी.)

ह्या हकीकतीचा एक धागा आपल्या मुंबईच्या दारापर्यंत येऊन पोंचतो. दियोगो दो कोउतो ह्या पोर्तुगीज इतिहासकाराच्या आयुष्याचा मोठा भाग हिंदुस्थानांत गेला व १६१६ सालीं तो गोव्यांत वारला. साष्टी बेटांतील कान्हेरीच्या लेण्यांविषयीं लिहितांना तो सांगतो कीं, हें काम कोणीं केलें असें एका वृद्ध मनुष्यास विचारतां तो उत्तरला, संत जोसाफाताच्या बापानें आपल्या मुलास एकांतांत वाढविण्यासाठीं हें करविलें. आणि कोउतोच्या मनांत तेव्हांच आलें कीं, हा जोसाफात आणि हिंदुस्थानांतील बुद्ध एकच तर नसतील? विद्वानांनीं तें पुराव्यानिशीं सिद्ध करण्यास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ज्या पुरुषाला आमच्या धर्मबांधवांनीं न ओळखतां इतकीं वर्षें वंदन केलें, त्याचा ओळखून आदर करण्यास आम्हीं कां लाजावें?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. चष्मा आहेच, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. आम्ही आकाशांतील पित्यावर विश्वास ठेवितों. बुद्धानें त्या वाटेनें कोणास नेलें नाहीं. जग शाश्वत कीं अशाश्वत, असल्या प्रश्नांत गुरफटलेल्या मालुंक्यपुत्त नांवाच्या शिष्यास त्यानें विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टांत दिला. बाण कोणीं मारिला, तो कोणत्या जातीचा, धनुष्य कोणत्या लांकडाचें, हें कळल्याशिवाय बाण काढूं देणार नाहीं असें जो म्हणेल, तो उत्तरें मिळण्यापूर्वींच मरेल. हा भेद आम्ही पुसून टाकूं इच्छीत नाहीं. सर्व धर्म शेवटीं एकच, असें म्हणून दोहोंचीही धार घालविणें हा आदर नव्हे, आळस होय.

चष्म्याचा दोष कमी करण्याचा एकच उपाय आम्हांस ठाऊक आहे, तो म्हणजे जुन्या सुत्तांपर्यंत जाऊन पाहणें. मराठी वाचकांस ही वाट धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) ह्यांनीं मोकळी करून दिली. गोव्याच्या एका खेड्यांतील हा तरुण. शाळेचें शिक्षण बेताचेंच. मुलांच्या एका मराठी मासिकांत बुद्धाचें चरित्र वाचून तो इतका वेधला गेला कीं, घर सोडून पुणें, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा वणवण फिरत त्यानें पाली भाषा हस्तगत केली. (शाळेच्या वार्षिकांतले लेख कोण वाचतो, असें म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) आपल्या 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथांत कोसंबींनीं एक गोष्ट दाखवून दिली आहे. मध्यरात्रीं, निजलेल्या बायकोमुलाकडे एकवार पाहून, घोड्यावर बसून चोरपावलांनीं निघून जाणारा राजपुत्र आपण चित्रांत पाहतों. मज्झिमनिकायांतील एका सुत्तांत मात्र बुद्ध स्वतः सांगतो कीं, आईबाप नको म्हणत असतां, त्यांचे चेहरे आसवांनीं भिजलेले असतां, त्यानें केस कापिले व घर सोडिलें. म्हणजे तो पळून गेला नाहीं. जें करावयाचें तें आईबापांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या रडण्याचा भार अंगावर घेऊन केलें. त्यांचें दुःख ह्यानें कमी झालें नसेल. परंतु त्यांत फसवणूक नव्हती. आमच्या लेखाचा विषय ह्या फसवणुकीशींच येऊन भिडतो.

बुद्धत्वप्राप्तीनंतर गौतम कपिलवस्तूस परत आला. राहुलाच्या आईनें मुलास त्याच्याकडे धाडिलें व सांगितलें कीं, ते तुझे वडील. जाऊन त्यांच्याजवळ आपला वारसा माग. पोर मागें मागें चालत वारसा मागत राहिलें. बुद्धानें सारिपुत्ताला त्यास प्रव्रज्या द्यावयास सांगितलें. भिक्षूजवळ देण्यासारखा दुसरा वारसा कोठून असणार? परंतु ही गोष्ट म्हाताऱ्या शुद्धोदनाच्या जिव्हारीं लागली. विनयपिटकांत त्याचें गाऱ्हाणें नमूद आहे. तूं गेलास तेव्हां दुःख झालें, नंद गेला तेव्हांही झालें, पण राहुल गेला तें सोसवत नाहीं. पुत्रप्रेम कातडी कापून मांसांत शिरतें, मांस कापून हाडापर्यंत व हाड फोडून मज्जेपर्यंत जातें, अशा अर्थाचें तो बोलला आणि त्यानें एवढेंच मागितलें कीं, ह्यापुढें आईबापांच्या अनुज्ञेवांचून कोणत्याही मुलास संघांत घेऊं नये. बुद्धानें तें ऐकिलें व तसा नियम केला. ज्याला जग शास्ता म्हणतें, त्यानें एका आजोबांची तक्रार रास्त मानून आपल्या संघाचा नियम बदलला, हें शाळा चालविणाऱ्यांनीं आवर्जून वाचण्याजोगें आहे. पालकांची तक्रार आली कीं प्रथम आपल्या नियमांचें पुस्तक उघडून दाखविण्याची आम्हां शिक्षकांस संवय असते.

पुढें राहुल राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथें राहत होता. टीकाकारांच्या मतें तेव्हां त्याचें वय सात वर्षांचें. एके दिवशीं सायंकाळीं बुद्ध तेथें आला. मुलानें आसन मांडिलें, पाय धुण्यास पाणी ठेविलें. बुद्धानें पाय धुतले, भांड्यांत थोडेंसें पाणी राहूं दिलें आणि विचारिलें कीं, राहुला, हें उरलेलें पाणी पाहिलेंस? जाणूनबुजून खोटें बोलण्याची ज्याला लाज नाहीं, त्याचें श्रामण्य एवढेंसेंच. मग तें पाणी फेंकून दिलें. त्याचें श्रामण्य असें फेंकून दिलेलें. मग भांडें पालथें केलें, उलथें केलें, आंत पाहावयास सांगितलें, रिकामें. शिक्षणशास्त्राच्या परीक्षेस बसतांना आम्हीं साधनसाहित्य व दृक्पाठ ह्यांवर पुष्कळ पाठांतर केलें. पण पाय धुण्याच्या भांड्यावरून दिलेला हा पाठ त्या सर्वांहून सरस वाटतो. नंतर त्यानें हत्तीची उपमा सांगितली. लढाईंतला राजाचा हत्ती पायांनीं लढेल, डोक्यानें लढेल, दांतांनीं लढेल, परंतु सोंड जपून ठेवील. तोंवर त्यानें जीव पणास लावलेला नाहीं. ज्या दिवशीं तो सोंडही वापरूं लागला, त्या दिवशीं तो वाटेल तें करील असें समजावें. जाणून खोटें बोलण्याची लाज गेलेल्या मनुष्याचेंही तसेंच. मग कोणतेंही पाप त्याला वर्ज्य राहत नाहीं. म्हणून थट्टेंतसुद्धां खोटें बोलूं नये.

ह्यानंतर आरसा येतो. आरसा कशासाठीं असतो, असें बुद्ध विचारतो. पाहण्यासाठीं, असें राहुल म्हणतो. तसेंच पाहून पाहून शरीरानें, वाणीनें, मनानें कर्म करावें. करण्यापूर्वीं पाहावें, करीत असतां पाहावें, करून झाल्यावर पाहावें. ह्यानें मला अथवा दुसऱ्यास इजा होते काय? करून झाल्यावर चूक दिसली, आणि ती शरीराची किंवा वाणीची असली, तर ती गुरूजवळ अथवा शहाण्या सोबत्यांजवळ उघड करावी व पुढें सांभाळावें. चूक नसली तर आनंदांत राहावें. हा शेवटचा भाग आम्हांस फार आवडतो. आत्मपरीक्षण म्हटलें कीं लांब चेहरा करून बसणें, अशी आमच्या लोकांची उगाच समजूत झालेली आहे.

हें सुत्त फार जुन्या काळापासून महत्त्वाचें मानलें गेलें. राजस्थानांत बैराटजवळ १८४० सालीं सांपडलेला व आतां कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटींत असलेला अशोकाचा एक शिलालेख आहे. त्यांत अशोक भिक्षूंस, भिक्षुणींस, तसेंच उपासक व उपासिकांस सांगतो कीं, हीं सात प्रवचनें वारंवार ऐकत जा व त्यांचें चिंतन करीत जा. त्या सातांत राहुलास खोट्या बोलण्याविषयीं केलेल्या उपदेशाचें नांव आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याला सातांत एक म्हणून निवडावासा वाटला तो सात वर्षांच्या मुलाचा धडा!

आतां आजच्या साधनेकडे वळूं. हल्लीं बुद्धाचें नांव निघतें तें बहुधा ध्यानाबरोबर. दुकानांत मिटल्या डोळ्यांचा मुखवटा मिळतो, दूरध्वनीच्या यंत्रांत घंटा वाजवून श्वास मोजावयास सांगणारी सोय मिळते, आणि परीक्षेपूर्वीं मुलांस दहा मिनिटें डोळे मिटून बसविण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. आम्ही तिची कुचेष्टा करीत नाहीं. घाबरलेल्या मुलाचा श्वास संथ झाला तर तें चांगलेंच. परंतु ब्रिटनमध्यें ऐंशींहून अधिक शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर ह्या सजगतेच्या शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. २०२२ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें, तें असें कीं, मुलांचें मनःस्वास्थ्य नेहमींच्या शिक्षणापेक्षां ह्यानें अधिक सुधारलें असें दिसलें नाहीं. शिवाय बहुतेक मुलांनीं घरीं तो अभ्यास केलाच नाहीं. ध्यान निरुपयोगी आहे असें ह्यावरून आम्ही म्हणत नाहीं. तें इतर सर्वांपासून तोडून, गोळीप्रमाणें दिल्यास त्याचा गुण यावा अशी अपेक्षा बुद्धानें तरी केली नव्हती. सत्यनारायण गोयंका ह्यांनीं १९६९ पासून हिंदुस्थानांत विपश्यना शिकविली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरास जाणाऱ्यास प्रथम पांच शीलें घ्यावीं लागतात, मग श्वासाचा अभ्यास सुरू होतो. तीं शीलें घेतल्यावांचून तेथें आसनावर बसतां येत नाहीं. आमच्या वर्गांतील बौद्ध मुलें तींच पांच शीलें घरीं म्हणतात, आणि त्यांतील चौथें खोटें न बोलण्याचें आहे. डॉ. आंबेडकरांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास आपल्या अनुयायांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्यांतही ती आहे. तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें कीं, बुद्धाची शिकवण शाळेंत आणावयाची तर ती डोळे मिटून बसण्यापासून नव्हे, त्या भांड्यांतल्या पाण्यापासून आणावी.

येथें आमच्या ख्रिस्ती वाचकांस याकोबाच्या पत्रांतील मनुष्य आठवेल. तो आरशांत आपलें तोंड पाहतो आणि तेथून निघतांच आपण कसे दिसलों तें विसरून जातो. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें शपथा सोडून साधें होय आणि नाहीं बोलावयास सांगितलें, तेंही आठवेल. ह्या दोहोंच्या शेजारीं राहुलाचा आरसा ठेविला असतां आम्हांस कोठेंच ओशाळें वाटत नाहीं. भेद आहे तो पुढच्या पावलावर. चूक दिसल्यावर राहुल गुरूकडे किंवा सोबत्यांकडे जातो व स्वतःच्या सावधपणावर विसंबतो. आम्ही देवापुढें गुडघे टेकतों व क्षमा मागतों. परंतु खरें सांगावयाचें तर, देवापुढें कबूल करणें आम्हांस सोपें जातें. ज्या मुलांसमोर चूक केली, त्यांच्यासमोर ती कबूल करणें जड जातें.

एक उदाहरण आमच्या स्वतःच्या पदरचें देतों. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तपासणीसाठीं अधिकारी यावयाचे होते. एका वडील शिक्षकांनीं युक्ति सांगितली, ती आम्हीं वर्गांत जशीच्या तशी वापरली. प्रश्न विचारतांच सर्वांनीं हात वर करावे. उत्तर येत असेल त्यानें उजवा, येत नसेल त्यानें डावा. तपासणी उत्तम झाली. शेऱ्यांत वर्गाच्या उत्साहाची वाखाणणी झाली. साहेब गेल्यावर पुढच्या बांकावरचा एक लहानसा मुलगा अजूनही डावा हात वर करून बसला होता. त्यास म्हटलें, अरे, आतां खालीं कर. तो म्हणाला, "सर, आतां खरा प्रश्न विचारायचा होता." त्याचा प्रश्न काय होता तें आज आठवत नाहीं. आम्हीं त्या मुलांसमोर त्या दिवशीं कांहीं कबूल केलें नाहीं, हें मात्र आठवतें. तीं मुलें आतां संसारीं लागलीं असतील.

पालकांकडे बोट दाखविण्यापूर्वीं हें सांगणें आम्हांस आवश्यक वाटलें. कारण ज्या लहानशा खोट्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे, तें रजेच्या चिठ्ठींतलें. मुलगा मामाच्या लग्नास जातो, आणि चिठ्ठींत ताप येतो. चिठ्ठी लिहितात वडील, आणि ती आणून देतो तो ज्याला ताप नव्हता तो मुलगा. मधल्या सुट्टींत लग्नांतल्या जिलब्यांचें वर्णनही तोच करितो. सारा वर्ग ऐकतो. एवढ्याशा गोष्टींत काय मोठेंसें, असें पालक म्हणतात. राहुलास भांड्यांतलें पाणी दाखविणारा तो बापही एवढ्याशाच गोष्टीविषयीं बोलत होता. राहुलानें कोणाचा घात केला होता असें त्या सुत्तांत कोठें म्हटलेलें नाहीं. गृहपाठाच्या नांवाखालीं आईनें कापून चिकटविलेले किल्ले व वडिलांनीं लिहिलेले प्रकल्प हींही त्याच भांड्यांतलीं. त्यांविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

परंतु तापाची ही चिठ्ठी जन्मास कां येते, ह्याचा विचार करितां आम्हांस आमचाच दोष दिसला. लग्न असें खरें कारण लिहिलें तर रजा नामंजूर होऊन मुलगा वर्गांत उभा राहतो. ताप लिहिला तर रजा मंजूर व वर मायेची चौकशी. म्हणजे खरें बोलणाऱ्यास शिक्षा व खोटें बोलणाऱ्यास बक्षीस, अशी व्यवस्था आम्हीं स्वतः करून ठेविली आणि वर मूल्यशिक्षणाचा तास घेतला. शुद्धोदनाच्या गाऱ्हाण्यावरून संघाचा नियम बदलला गेला, तर आमच्या नियमांस न बदलण्याइतकें काय पावित्र्य चिकटलें आहे? म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीनें आमच्या एका वर्गापुरता आम्हीं असा प्रयोग सुरू केला. कारण खरें लिहिलें असल्यास पहिल्या तीन वेळां रजेबद्दल मुलास कांहीं बोलावयाचें नाहीं. चुकलेला अभ्यास मात्र त्यानें पुरा करून दाखवावयाचा.

पहिल्या महिन्यांत सात चिठ्ठ्या आल्या. दोन लग्नें, एक बारसें, एक गांवची जत्रा, एक खरा ताप. सहावींत एका मुलीनें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें होतें कीं, गणिताची चांचणी होती म्हणून पोटांत दुखतें असें घरीं सांगितलें, पण दुखत नव्हतें. खालीं आईची सही होती, आणि ती सही करतांना आईला काय वाटलें असेल, ह्याचा आम्हीं बराच वेळ विचार केला. सातवी चिठ्ठी एका वडिलांची होती. पाऊस फार होता, आणि मुलगा जाण्यास तयार असूनही आम्हांसच त्याला घरीं ठेवावेंसें वाटलें, एवढेंच तींत होतें. ती आम्हीं पेटींत ठेवून दिली आहे.